भिकनमामांची शोकसभा

हॅलोविनचं भाषण गायधनी मॅडमनी करायचं असं ठरलं, तेव्हा गायधनी मॅडम तिथं नव्हत्याच. त्या प्रयोगशाळेत तुंबलेलं बेसिन काडीनं मोकळं करत होत्या. शिपायानं येऊन निरोप दिला, तसा पदराला हात पुसत त्या मुख्याध्यापिकांच्या खोलीत गेल्या.

इंदिरानगरच्या शारदोदय इंग्लिश मीडियम स्कूलच्या मुख्याध्यापिका स्नेहल मॅडम वयानं मालिनी गायधनींच्या विद्यार्थिनी शोभल्या असत्या. त्यांनी खुर्ची पुढे केली.

"असं आहे मॅडम, निम्म्या पालकांना हॅलोविन हवंय, कारण त्यांच्या नणंदांची मुलं अमेरिकेत करतात. निम्म्यांना नकोय, कारण भुतंखेतं आपल्या संस्कृतीत बसत नाहीत."

"आपल्याकडे भुतं काय कमी आहेत?"

"ते जाऊ द्या. मी बॅनरच बदललाय. 'हॅलोविनमागचं विज्ञान आणि इतिहास.' विज्ञान म्हटलं की कुणी तोंड उघडत नाही. एकतीस तारखेला तुम्ही वीस मिनिटं बोला, मग मुलं कॉश्च्युम घालून नाचतील. पाहुणे बक्षिसं देतील. झालं."

यंदा दिवाळी उशिरा होती, त्यामुळे एकतीस ऑक्टोबरला शाळा चालूच राहणार होती. नकार द्यायला काही कारण नव्हतं आणि खरं तर मालिनीबाईंना तो द्यायचाही नव्हता. निवृत्तीला सहा महिने राहिले होते. वर्गावर्गात मोठे पडदे बसल्यापासून विज्ञान पडद्यावरची एक आनंदी बाई शिकवायची आणि मालिनीबाई फक्त तिला चालू-बंद करायच्या. एकतीस वर्षं शिकवल्यावर आता कुणीतरी त्यांना "तुम्ही बोला" म्हणालं होतं. वीस मिनिटं का होईना.

त्या झपाटल्यासारख्या वाचायला लागल्या. दोन हजार वर्षांपूर्वी आयर्लंडकडच्या लोकांचं वर्ष ऑक्टोबरअखेर संपायचं. पीक घरात, गुरं डोंगरावरून खाली आणि पुढे लांबलचक काळोखा हिवाळा. त्या सणाचं नाव लिहायचं सॅमहेन आणि म्हणायचं साउइन. त्या संध्याकाळी मेलेली माणसं घरी येतात, असा समज होता. नको त्या आत्म्यांनी ओळखू नये म्हणून जनावरांची कातडी पांघरायची, त्याचेच पुढे मुखवटे झाले. मग चर्चनं एक नोव्हेंबरला सगळ्या संतांचा दिवस आणून बसवला आणि आदल्या संध्याकाळचं हॅलोविन झालं. गरीब लोक दारोदार जाऊन 'तुमच्या मेलेल्यांसाठी प्रार्थना करतो' म्हणायचे आणि बदल्यात गोड पाव घ्यायचे. भोपळा तर फार नंतरचा, आधी सलगमचे कंद कोरून त्यात दिवा ठेवायचे. दलदलीवर जे भुताचे दिवे दिसतात, ते कुजणाऱ्या पाल्यातून निघणाऱ्या वायूमुळे असावेत.

हे सगळं त्या रोज जेवताना नवऱ्याला ऐकवत. बाळाजी गायधनी रामकुंडावर यजमानांची श्राद्धं करायचे. पितृपक्ष संपून त्यांचा घसा आत्ता कुठे सुटला होता.

"म्हणजे त्यांची सर्वपित्री," आमटी ओरपत बाळाजी म्हणाले.

"तसं नाही हो. ती लोकपरंपरा आहे."

"आणि माझं काय कारखान्यात होतं?"

भाषणातला सगळ्यात आवडता भाग त्यांनी शेवटाला ठेवला होता. हॅलोविनच्या संध्याकाळी तरुण मुली भविष्य बघायच्या, तिथून त्या प्लँचेटवर येणार होत्या. वाटी सरकते ती भुतामुळे नाही, बोटांमुळे. मनात जे असतं तिकडे बोटं नकळत ढकलतात आणि ढकलणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो. मायकेल फॅरडेनं हे दीडशे वर्षांपूर्वी टेबलावर प्रयोग करून दाखवलं होतं. मालिनीबाई ते स्टीलच्या वाटीवर दाखवणार होत्या, आणि रंगीत तालीम म्हणून गुरुवारी सातवीच्या वर्गात त्यांनी ते दाखवलं.

कार्डशीटवर गोलात इंग्रजी अक्षरं. मध्ये उपडी वाटी. विहंग, इरा, आणखी दोन मुलं आणि स्वतः मालिनीबाई अशी पाच बोटं वाटीवर.

"आता आपण विचारू, तुझं नाव काय? आणि बघा, वाटी कुठेतरी जाईल. का जाईल?"

"आपणच ढकलतो म्हणून!" वर्ग ओरडला.

"शाब्बास. भूत असतं का?"

"नाही!"

"तुझं नाव काय?" मालिनीबाईंनी हसत वाटीला विचारलं.

वाटी थरथरली. आधी 'बी'वर गेली. मग एच. मग आय. मागच्या बाकांवरची मुलं उभी राहिली. वाटी 'के'वर जाऊन थांबली आणि तेवढ्यात तास संपल्याची घंटा झाली.

"भिक," इरा वाचत म्हणाली.

"भिकनमामा!" विहंग किंचाळला.

भिकन शाळेचा शिपाई. अठ्ठावीस वर्षं घंटा देऊन गेल्या वर्षी निवृत्त झालेला. विहंगनं बोट असं काढून घेतलं जणू वाटी तापली होती.

"टीचर, म्हणजे भिकनमामा वारले?"

"अरे, आत्ताच काय सांगितलं मी? ढकलतं कोण?"

"पण टीचर, मी नाही ढकललं."

"ढकलणाऱ्याला कळत नाही, तेच तर विज्ञान आहे."

"मग भूत असलं तरी कळणार नाही ना?" इरानं विचारलं, आणि एकतीस वर्षांत प्रथमच मालिनीबाई मुलांना "उद्या सांगते" म्हणाल्या. पुढच्या तासाच्या बाई दारात उभ्या होत्या.

मधल्या सुट्टीत भिकनमामा पाचवीत वारले होते, शाळा सुटेपर्यंत पहिलीत. संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर हात जोडल्याची चित्रं यायला लागली. मालिनीबाईंनी घाईघाईनं भिकनला फोन लावला. फोन बंद. दहा वेळा लावला, दहा वेळा बंद. मग त्यांनी त्याच ग्रुपवर लिहिलं, 'ते जिवंत आहेत. कृपया श्रद्धांजली थांबवावी.'

लगेच स्नेहल मॅडमचा फोन आला.

"तुम्ही त्यांच्याशी शेवटचं कधी बोललात?"

मालिनीबाईंनी आठवून बघितलं. "गेल्या वर्षी. एप्रिलमध्ये."

"दीड वर्ष झालं मॅडम."

"पण ते वारले असं तरी कोण म्हणतंय? एक वाटी!"

"तीनशे पालक म्हणताहेत. उद्या प्रार्थनेला दोन मिनिटं शांतता ठेवू."

"अहो, आधी खात्री करा!"

"फोन लागत नाही ना, म्हणून तर ठेवतोय."

शुक्रवारी शोकसभा झाली. भिकनचा एकट्याचा फोटो शाळेत नव्हताच, म्हणून शिक्षकदिनाच्या फोटोतून त्याला कापून काढला होता. त्या फोटोत तो चहाचा ट्रे घेऊन उभा होता, त्यामुळे झेंडूच्या हाराखालून तीन कप डोकावत होते. सातशे मुलं मान खाली घालून उभी राहिली. मालिनीबाई एकट्याच मान वर करून उभ्या होत्या आणि त्यावरूनही नंतर स्टाफरूममध्ये बोललं गेलं.

शनिवारी त्यांच्या टेबलावर बंद पाकीट आलं. इराचे वडील वकील होते. शाळेत प्लँचेट करून मृतात्म्यास बोलावल्याबद्दल त्यांनी लेखी तक्रार केली होती आणि अशा प्रकारांविरुद्ध राज्यात कायदा आहे, याची आठवण करून दिली होती. तो कायदा व्हावा म्हणून मालिनीबाईंनी एके काळी भर उन्हात सह्या गोळा केल्या होत्या. शाळेनं खुलासा मागितला होता. एकतीस तारखेच्या भाषणात त्यांनी सर्वांचं समाधान करावं, नाहीतर व्यवस्थापनाला विचार करावा लागेल.

घरी येऊन त्या स्वयंपाकघरात नुसत्याच बसून राहिल्या.

"अहो, माणूस जिवंत आहे आणि त्याची शोकसभा झाली. याच्यावर तुमच्या शास्त्रात काही आहे का?"

"आहे की," बाळाजी म्हणाले. "मेलेला समजलेला माणूस परत आला, तर त्याचे जन्मापासूनचे सगळे संस्कार पुन्हा करायचे."

"बारसंसुद्धा?"

"बारसंसुद्धा. तुला हवं तर मी येतो."

मालिनीबाईंना हसू आलं नाही. विज्ञानाकडे फक्त एकच उत्तर उरलं होतं. भिकनला सदेह आणून उभा करायचा.

रविवारी सकाळी त्यांनी मालेगावची एसटी पकडली. खिडकीशी बसून त्या शांतपणे विचार करायला लागल्या आणि चांदवडच्या आसपास त्यांना एकदम सगळं कळलं. त्या गुरुवारी सकाळी ऑफिसच्या क्लार्कनं त्यांच्याकडे निवृत्तीचे कागद मागितले होते. तेव्हापासून दिवसभर त्यांच्या मनात एकच होतं. भिकन मे महिन्याच्या सुट्टीत निवृत्त झाला, शाळा बंद होती, किल्ल्या वॉचमनकडे देऊन तो एकटाच गेला, आणि पुन्हा कुणी त्याचं नाव काढलं नाही. मुलांनी खरंच ढकललं नव्हतं. वाटी त्यांनीच ढकलली होती. प्रयोग शंभर टक्के यशस्वी झाला होता आणि हे त्या कुणालाही सांगू शकत नव्हत्या.

मालेगावच्या अलीकडे एका फाट्यावर उतरून त्या चालत गावात गेल्या. भिकनच्या दारात त्याची बायको सरुबाई ज्वारी पाखडत बसली होती. मालिनीबाईंनी आधी तिचं कपाळ पाहिलं. कुंकू होतं. पुरावा म्हणून कुंकू पाहावं लागल्याची त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"भिकन... बरे आहेत ना?"

"त्याले काय व्हयनं? आत्तेच दोन भाकरी खाईसन वावरमां गया."

भिकन शेतात कांद्याची रोपं लावत होता. फोन आठवड्यापूर्वी विहिरीत पडला होता. मालिनीबाईंनी बांधावर बसून झालं ते सांगितलं. भिकननं मातीचे हात झटकले.

"मी? पण मी तर जित्ता शे!"

"तेच सांगायला चला मंगळवारी."

"शोकसभा झाली म्हन्ता? कोन कोन व्हतं?"

"सगळी शाळा होती. दोनशेच्या वर मेसेज आलेत."

"वाचा बरं."

मालिनीबाईंनी वाचायला सुरुवात केली. 'आमच्या मुलीची पाण्याची बाटली मामांनी अकरा वेळा शोधून दिली.' 'पहिल्या दिवशी माझा मुलगा रडत होता, मामांनी त्याला घंटेला हात लावू दिला.' 'शाळेची घंटा पोरकी झाली,' हा स्नेहल मॅडमचा. भिकन उकिडवा बसून ऐकत होता. मध्येच एखादा "परत वाचा" म्हणायचा. ऊन डोक्यावर आलं. शेवटी मालिनीबाईंच्या तोंडून ओघात पुढचाही वाचला गेला. 'ते जिवंत आहेत. कृपया श्रद्धांजली थांबवावी.'

"हा कोनाचा?"

"माझा."

"येवढंच लिवलं तुमी?" भिकन म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं.

त्यानं आणखी दोन रोपं मातीत दाबली. मग म्हणाला, "बाई, ऱ्हाऊ द्या ना. मी जित्ता आलो, तर लोकान्ला लिवल्याचा पस्तावा व्हईल."

"भिकन, माझ्या नोकरीचे सहा महिने राहिलेत. मला बदनाम होऊन जायचं नाहीये."

भिकननं आयुष्यात शिक्षकांना नाही म्हटलेलं नव्हतं.

मंगळवारी सभागृह गच्च भरलं होतं. चेटकिणी, सांगाडे, एक चालता भोपळा आणि पहिल्या रांगेत हाताची घडी घातलेले इराचे वडील. मालिनीबाई बोलायला उभ्या राहिल्या आणि खरोखर सुरेख बोलल्या. त्यांनी आयर्लंडचा हिवाळा उभा केला. भीती वाटली की छाती का धडधडते आणि आपण सुरक्षित आहोत हे माहीत असलं की त्याच धडधडीची मजा का वाटते, ते सांगितलं. सांगाडेसुद्धा ऐकत होते.

"आणि आता पुरावा," त्या म्हणाल्या. "काही जणांचा समज झालाय की आपण एका मृतात्म्याला बोलावलं. मुलांनो, अफवा कशी जन्मते ते डोळ्यांनी बघा. भिकन, या."

भिकन पडद्यामागून आला. समारंभ म्हणून तो जुना खाकी गणवेश इस्त्री करून घालून आला होता. एसटीतल्या घामानं चेहरा बरा दिसणार नाही, म्हणून विंगेत कुणाचीतरी पावडर मिळाली ती त्यानं चांगली चोपडली होती. पांढराफटक चेहरा, खाकी टोपी आणि हात जोडलेले. अगदी भिंतीवरच्या फोटोसारखा, फक्त ट्रे नव्हता.

मग पहिलीच्या रांगेतून किंकाळी फुटली आणि सातशे मुलं एकदम दाराकडे धावली. चेटकिणी सांगाड्यांवर पडल्या. चालता भोपळा दारात अडकला आणि मागचे सगळे तुंबले.

"घाबरू नका! ते खरे आहेत!" मालिनीबाई माइकवर ओरडल्या, त्यानं धावपळ दुप्पट झाली.

तेवढ्यात प्रमुख पाहुणे उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. ते सकाळीच मुंबईहून आले होते आणि त्यांना भिकन कोण हे माहीत नव्हतं. "वा! याला म्हणतात मेकअप! याला म्हणतात सादरीकरण!" पाहुणे टाळ्या वाजवताहेत म्हटल्यावर शिक्षकांनीही वाजवल्या. शिक्षकांच्या टाळ्या ऐकून मुलं थांबली.

"साहेब, हे मेकअपमध्ये नाहीत. हे भिकनच आहेत!"

"आणि मॅडमचा अभिनय बघा," पाहुणे म्हणाले. "शेवटपर्यंत भूमिका सोडली नाही."

पहिलं बक्षीस भिकनला मिळालं. प्लॅस्टिकच्या भोपळ्याचा चषक. भिकननं तो घेतला, कारण पाहुण्यांनाही त्यानं आयुष्यात कधी नाही म्हटलेलं नव्हतं.

तासाभरात मालिनीबाईंना दुसरं पाकीट मिळालं. दिवंगत कर्मचाऱ्याचं सोंग नटवून मृताची विटंबना केल्याबद्दल खुलासा करावा. त्या तडक स्नेहल मॅडमच्या खोलीत गेल्या.

"अहो, बाहेर उभे आहेत ते! चिमटा काढून बघा!"

स्नेहल मॅडमनी काचेतून बाहेर पाहिलं. भिकननं ओळखीचं हसून नमस्कार केला. त्याही हसल्या आणि मग दार ओढून घेत हळू आवाजात म्हणाल्या, "मला कळलंय मॅडम. पण शोकसभेचा अहवाल संस्थेकडे गेलाय. फोटोसकट. आता ते जिवंत आहेत म्हटलं तर खुलासा मला द्यावा लागेल. तुमचे काय, सहाच महिने राहिलेत."

मालिनीबाई बाहेर आल्या आणि प्रयोगशाळेच्या पायरीवर बसल्या. एकतीस वर्षांचं विज्ञान, एक प्रयोग, एक साक्षात जिवंत माणूस, आणि एवढ्यावरही सिद्ध काही झालं नव्हतं. समोरच्या भिंतीवर भिकनचा हार घातलेला फोटो होता. घरी जाणारी मुलं हॅलोविनच्या पिशवीतलं एकेक चॉकलेट त्या फोटोखाली ठेवून जात होती. हे त्यांना कुणीही शिकवलं नव्हतं.

भिकन पायरीवर शेजारी येऊन बसला. परीचा पोशाख केलेली बालवाडीतली एक मुलगी चॉकलेट ठेवायला आली. तिनं फोटोकडे पाहिलं, मग भिकनकडे पाहिलं.

"मामा, तुम्ही मेलात ना?"

भिकननं मालिनीबाईंकडे पाहिलं.

"हा बेटा," भिकन म्हणाला.

"दुखतं?"

"नाय. उलट बरं वाटतं."

मुलीनं चॉकलेट फोटोखाली न ठेवता त्याच्या हातात दिलं आणि पंख सावरत निघून गेली. भिकननं त्याचा कागद सोडला, अर्धं मोडून मालिनीबाईंपुढे धरलं. त्यांनी घेतलं. भूकही लागली होती.

"बाई, तुमचं रिटायरमेंट कवा?"

"एप्रिलअखेर."

"अरारा. निकालाच्या गडबडीत," भिकन हळहळला. "कोन इचारनार तवा? पेपरांचे गठ्ठे अन् तुमी." तो चॉकलेट चघळत विचार करत राहिला. मग एखादी आतली गोष्ट सांगावी तसा पुढे झुकला. "माझं आयका. जूनमधी मरा. शाळा भरलेली असती. पन पयल्या आठवड्यात नको, पुस्तकं वाटत असत्यात. दुसऱ्या."

मालिनीबाईंनी फोटोखालच्या चॉकलेटांच्या ढिगाकडे पाहिलं. मग हातातल्या दोन पाकिटांकडे पाहिलं.

"दुसऱ्या आठवड्यात कुठल्या वारी?" त्यांनी विचारलं.

"कंच्याबी," भिकन म्हणाला. "फकस्त शनवार सोडून. अर्धीच शाळा असती."